सातभाईंचा हिरवा

मुकुंद सातभाई मोबाइलवरच्या रंगतपासणीत नापास झाला आणि त्याच्या वाट्याचा हिरवा रंग नियमाप्रमाणे त्याच प्रभागातल्या दिगंबर वडनेरे या बांगडीवाल्याला देण्यात आला.

हा नियम तळेनिमगावात कुणाला जाचक वाटत नव्हता. गाव पर्जन्यछायेतलं. हिरवा मुळात पावसाळ्यातच काय तो दिसायचा. बाकीचं वर्ष पिवळ्यावर आणि मातकटावर काढावं लागे. अशा गावात एखाद्याच्या डोळ्यांत जन्मापासून हिरवा नुसता पडून आहे, तो माणूस वापरत नाही आणि दुसऱ्यालाही मिळत नाही, हे नगरपरिषदेला परवडणारं नव्हतं. म्हणून तपासणी सुरू झाली. रेशनकार्डामागे एक तपासणी, तीही कुटुंबप्रमुखाची. मोबाइलवर दुवा येई, तो उघडला की रंगीत ठिपक्यांनी भरलेले गोल दिसत. प्रत्येक गोलात एक आकडा लपलेला असे. दिसला तर लिहायचा, नाही दिसला तर ‘आकडा नाही’ यावर बोट ठेवायचं. ज्याला जो रंग दिसत नाही, त्याचा तो वाटा प्रभागात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याच्या नावावर चढे.

मुकुंद हा भूमापक होता. भावाभावांच्या जमिनी मोजून हद्दीच्या खुणा रोवायच्या, हे त्याचं काम. स्वतःच्या नजरेबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. सकाळचा चहा घेता घेता त्याने तपासणी उघडली. पहिल्या गोलातला आकडा त्याने लगेच लिहिला. पुढच्या गोलांत त्याला नुसते ठिपकेच दिसले, तेव्हा तो खुशीत ‘आकडा नाही’, ‘आकडा नाही’ करत सुटला.

हर्षदा, त्याची बायको, मागे मेथी निवडत बसली होती. तिने सहज मान वर केली.

“अहो, हे काय करताय? चौऱ्याहत्तर आहे की तिथे!”

“कुठे?”

“तो काय, ढळढळीत.”

“हर्षदा, सरकारी काम आहे. मध्ये बोलू नकोस.”

“पण आकडा आहे ना त्यात.”

“असता तर मला दिसला असता,” मुकुंद म्हणाला, आणि त्याने ‘आकडा नाही’ यावर बोट ठेवलं.

चहा संपायच्या आत निकाल आला. *आपल्याकडील हिरवा रंग वापरात नसल्याचे आढळले आहे. तो गरजूंना देण्यात येईल. सहकार्याबद्दल आभार.* खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही तपासणी प्राथमिक आहे आणि खात्रीसाठी नेत्रतज्ज्ञाला भेटावं. मुकुंद भेटला. डॉक्टरांनी त्याला छापील गोल दाखवले, त्यातही ठिपकेच होते. “जन्मापासूनचं आहे,” डॉक्टर म्हणाले. “तब्येतीला काही धोका नाही. आईकडून येतं हे. मामांना विचारा, त्यांनाही असेल.” मामांना फोन केला, तर मामा म्हणाले, मला सगळं व्यवस्थित दिसतं, तुझ्यासारखंच.

सुरुवातीला मुकुंदला काही वाटलं नाही. जी जमीन आपण कधी पाहिलीच नाही, तिच्यावर दुसऱ्याने नांगर धरला तर आपलं काय गेलं, असा त्याने विचार केला. रोज चार भाऊबंद त्याच्यासमोर वाट्यावरून एकमेकांची गचांडी धरत, आणि तो त्यांना शांतपणे सांगत असे, “मोजणी झाली. आता कुरकुर नको.” तेच त्याने स्वतःला सांगितलं.

मग श्रावण लागला आणि हर्षदा हिरव्या बांगड्या भरायला गेली.

ती संध्याकाळी परत आली तेव्हा हात पुढे धरूनच घरात शिरली, ओली मेंदी असल्यासारखी. चपलाही तिने पायांनीच ढकलल्या.

“बघा.”

“छान आहेत,” मुकुंद म्हणाला. दर श्रावणात तो हेच म्हणे.

“दिगूभाऊ म्हणाले, ताई, हा पोपटी नाही आणि रामा हिरवाही नाही. मक्याचं पान उलगडताना आत जो असतो ना, तो हा. म्हणाले, गेल्या वर्षीपर्यंत मलाही हा पोपटीच वाटायचा. आता दुप्पट दिसतं ना त्यांना! नुसते बघत बसले. दुकानातल्या सगळ्या बायका हसायला लागल्या.”

“कुणाकडे बघत बसले?”

“बांगड्यांकडे.”

“म्हणजे तुझ्या हाताकडे.”

“बांगड्या हातातच होत्या माझ्या. आणखी कुठे असणार?” हर्षदा हसली. मग तिचं हसू जरा ओसरलं आणि ती त्याच्याजवळ येऊन बसली. “अहो, तुम्हाला कशा दिसतात या?”

मुकुंदने पाहिलं. त्याला बांगड्या दिसत होत्या, त्यांच्यावरची चमक दिसत होती, तिच्या मनगटावरची शीर दिसत होती.

“वाळलेल्या गवतासारख्या,” तो म्हणाला.

“आणि आपल्या लग्नातला चुडा?”

“तोही तसाच.”

“आणि माझं डोहाळजेवण? डोक्यापासून पायापर्यंत हिरवी होते मी. तुम्ही म्हणालात, फार छान दिसतेस.”

“छानच दिसत होतीस.”

“वाळलेल्या गवतात?”

हर्षदाने बांगड्या एकदा मागे सारल्या, एकदा पुढे घेतल्या. “इतकी वर्षं मी कुणासाठी नेसत होते हो?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

त्या दिवसापासून मुकुंदच्या छातीत काहीतरी सलू लागलं, आणि त्याला नाव देता येईना. वडनेऱ्यांवर संशय घ्यावा असं काही नव्हतं. हर्षदा त्यांना भाऊ म्हणत होती, ते तिला ताई म्हणत होते. गावातल्या सगळ्या बायकांचे हात त्यांच्या हातांतून गेले होते. त्यांच्या वडिलांच्या हातांतून त्या बायकांच्या आयांचे गेले होते. बांगडीवाल्याने बायकोचा हात धरला म्हणून तळेनिमगावात कधी कुणी भांडलं नव्हतं. हाताचं मुकुंदलाही काही नव्हतं. त्याला सलत होतं ते एवढंच, की माझी बायको हिरवी कशी दिसते हे त्या माणसाला ठाऊक आहे आणि मला नाही. तेही माझ्याच हिरव्यातून ठाऊक आहे.

हर्षदाच्या बांगड्या आता वरचेवर वाढू लागल्या. भांड्याला लागून एक वाढली, खिडकीला लागून दोन. आधी ती वाढलेल्या बांगडीचं मनावर घेत नसे. आता दुसऱ्या दिवशी दुकानात. घरी येऊन ती सांगे, “आज म्हणाले, शेवाळाच्या वरच्या अंगाचा.” कधी सांगे, “आज म्हणाले, याला नावच नाही ताई, मी उगाच खोटं कशाला सांगू.” मुकुंद जेवता जेवता ऐके. त्याच्या ताटात पालकाची भाजी वाळलेल्या गवताच्या रंगाची असे.

एक दिवस तो कचेरीतून परस्पर वडनेऱ्यांच्या दुकानात गेला. दुकान छोटं, पायरीवरच बायकांची रांग. आत काचेची लखलख, आणि मधोमध पांढऱ्या गादीवर वडनेरे मांडी घालून बसलेले. माणूस शिडशिडीत, टकलाकडे झुकलेला, डोळे तेवढे पाणीदार. समोर शेवंतामावशी हात देऊन बसल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या मावशी लागत.

“या या सातभाई,” मावशीच आधी बोलल्या. “तुमचा हिरवा आमच्या दिगूला चांगला मानवला हो! डोळे बघा कसे भरलेत त्याचे. तुमच्याकडे उपाशीच होता बिचारा.”

रांगेत हशा पिकला. वडनेरे मात्र गादीवरून उठले आणि उभ्याउभ्याच त्यांनी नमस्कार केला.

“मी येणारच होतो तुमच्याकडे,” ते म्हणाले. “कुठल्या तोंडाने यावं समजेना. साहेब, जपून वापरतो मी. वाया घालवत नाही.”

“मला एकच सांगायचंय,” मुकुंद म्हणाला. “गावाच्या हातांवर वापरा, झाडांवर वापरा. माझ्या घरच्या हातावर वापरू नका.”

वडनेऱ्यांनी विचार केला. “मग ताईंना बांगड्या भरताना काय करू? डोळे मिटू?”

“मिटा.”

“बरं,” वडनेरे म्हणाले. “तुमचा रंग आहे. तुमचं म्हणणं रास्त आहे.”

पुढच्या खेपेला त्यांनी शब्द पाळला. हर्षदाचा हात हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले, अंगठा तळहाताकडे दाबला आणि बांगडी चढवली. इतक्या वर्षांचा सराव असल्यामुळे पहिल्या तीन नीट गेल्या. चौथी सांध्यावर वाढली आणि काच तिच्या मनगटात घुसली. हर्षदा हाताला रुमाल गुंडाळून घरी आली.

“तुम्ही सांगितलंत त्यांना डोळे मिटायला?”

“हो.”

“मग उद्या डॉक्टरकडे गेले तर त्यालाही सांगा, डोळे मिटून टाके घाला म्हणून.” तिने रुमाल सोडून त्याच्यासमोर टाकला. “हे रक्त तरी दिसतंय ना?”

“गडद दिसतंय,” मुकुंद खरं ते बोलला.

त्या रात्री हर्षदा दोन्ही मुलींजवळ जाऊन झोपली. सकाळी मुकुंदने रजा टाकली आणि तो नगरपरिषदेत गेला.

रंगवाटप विभाग पाणीपुरवठ्याच्या शेजारच्या खोलीत होता. तिथल्या अधिकारी भालेराव मॅडम. त्यांच्या टेबलावर तीन चष्मे होते आणि कुठला कशाला हे त्यांनाही पाहूनच ठरवावं लागे. त्यांनी मुकुंदला बसवलं, पाणी दिलं आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुमची मागणी नेमकी काय आहे, सातभाई? रंग परत पाहिजे?”

“हो.”

“परत मिळाला तर तुम्हाला दिसणार आहे का?”

“नाही.”

“मग तो तुमच्या डोळ्यांत पडून राहणार.”

“राहू दे.”

“त्याने तुमचा काय फायदा?”

मुकुंदने खाली पाहिलं. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. मोजणीच्या कामात ते अंगाशी येतं. “मॅडम, मला दिसत नाही ते नाही,” तो म्हणाला. “त्यालाही दिसू नये.”

भालेराव मॅडमनी मान डोलावली. या कारणात त्यांना काही वावगं वाटलं नाही. बहुतेक लोक त्याच कारणाने येत. वरच्या आळीतल्या एका गृहस्थांचा तांबडा त्यांच्या साडूला गेला होता, त्यांनी तर टोमॅटो खाणं सोडलं होतं.

“तशी तरतूद नाही,” त्या म्हणाल्या. “पडीक ठेवण्यासाठी परत देता येत नाही. तुमच्याच खात्यातलं उदाहरण घ्या. एखाद्याने अर्ज केला, की भाऊ जमीन कसतो हे मला बघवत नाही, सबब जमीन पडीक करा. तुम्ही काय सांगाल?”

“घरी जा म्हणून सांगीन.”

“तेच मी सांगते.”

मुकुंद उठला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला, कारण त्याच्यातला भूमापक जागा झाला होता. “मॅडम, जमीन बाहेरच्याला जायच्या आधी घरच्यांना विचारावं लागतं. पहिला हक्क घरच्यांचा. तपासणी माझी एकट्याची झाली. माझ्या बायकोला कुणी विचारलं?”

भालेराव मॅडमनी एक चष्मा काढून दुसरा लावला. मग तो काढून तिसरा लावला. बराच वेळ त्यांनी संगणकावर नियम वाचले.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. “हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे कुटुंबप्रमुखच येतात. तुमच्या मिसेसची तपासणी करू. पूर्ण गुण पडले तर पहिला हक्क त्यांचा.”

मुकुंद घरी आला तो जिंकल्यासारखा. हर्षदाला मात्र आनंद झाला नाही.

“मी मागितलाय का?” तिने विचारलं.

“घरातली वस्तू घरात येईल.”

“दिगूभाऊंना काय वाटेल?”

“त्यांना काय वाटायचंय? माझा रंग आहे तो!”

“तुमचा?” हर्षदा म्हणाली. “तुम्ही कधी साधं हिरवं पान पाहिलंत का हो?” तरी तिने मोबाइल घेतला. गोल आले. ती प्रत्येक गोलातला आकडा मेथीची काडी मोडावी तसा पटापट लिहीत गेली. मुकुंद तिच्या खांद्यावरून बघत होता. त्याला ठिपके दिसत होते. तिला पूर्ण गुण पडले.

हस्तांतर त्याच आठवड्यात झालं. त्याची पद्धत कशी असते हे मुकुंदने आधी विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, सही-अंगठ्याचं काम असेल.

भालेराव मॅडमनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एकीवर वडनेऱ्यांना बसवलं, दुसरीवर हर्षदाला. “एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं,” त्या म्हणाल्या. “मी पुरे म्हणेपर्यंत पापणी लववायची नाही. रंग उतरायला वेळ लागतो. लवली तर पुन्हा पहिल्यापासून. सातभाई, तुम्ही मूळ धारक, तुम्ही साक्षीदार म्हणून इथे उभे राहा आणि लक्ष ठेवा.”

“दुसरी काही पद्धत नाही का?” मुकुंदने विचारलं.

“कशी असणार? रंग डोळ्यांतच असतो ना.”

हर्षदाने पदर सारखा केला. वडनेऱ्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघू लागले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मुकुंदने लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर हर्षदाच्या डोळ्यांत पाहिलं होतं, पण तेही क्षणभरच. लगेच अक्षता पडल्या आणि फोटोवाल्याने दोघांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. एवढा वेळ तिच्या डोळ्यांत त्याने कधी पाहिलं नव्हतं. बघता येतं, हेही त्याला आज कळत होतं.

वडनेऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापणी लवली.

“पुन्हा पहिल्यापासून,” मॅडम म्हणाल्या.

“माफ करा ताई,” वडनेरे म्हणाले. “जाताना बरंच काही दिसतंय हो. शेवटचं.”

“असू द्या दिगूभाऊ,” हर्षदा म्हणाली. “सावकाश.”

“सावकाश कशाला?” मुकुंद म्हणाला. “उरकून टाका.”

“साक्षीदाराने बोलायचं नाही,” भालेराव मॅडम म्हणाल्या.

पुन्हा पंख्याचा आवाज. मुकुंद भिंतीवरच्या पाणीपट्टीच्या सूचना वाचायचा प्रयत्न करत होता, पण लक्ष ठेवणं त्याच्यावर सोपवलेलं होतं, म्हणून त्याला बघावं लागलं. अखेर हर्षदाचा श्वास एकदम आत गेला आणि तिने खुर्चीच्या कडा धरल्या.

“पुरे,” भालेराव मॅडम म्हणाल्या.

वडनेरे उठले. आवरलेल्या घरातून निघावं तसे ते सावकाश दाराकडे गेले. मुकुंदला हायसं वाटलं. त्याने हर्षदाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. नगरपरिषदेच्या आवारात एक कडुनिंब होता, धुळीने माखलेला.

“चल,” मुकुंद म्हणाला.

“थांबा.”

“काय झालं?”

“काही नाही. थांबा जरा.”

कचेरी बंद करायची वेळ झाली तेव्हा शिपायाने तिला उठवलं.

त्यानंतर हर्षदाच्या बांगड्या वाढायच्या थांबल्या, कारण ती त्या जपू लागली. वडनेऱ्यांच्या दुकानात जायचं कारण उरलं नाही. मुकुंदला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त हर्षदा आता घरात असून नसल्यासारखी असे. ती तुळशीपुढे बसे. पावसाने गावामागच्या टेकडीवर पातळ गवत आलं होतं, ते बघायला ती उन्हं उतरताना जाई आणि अंधार पडल्यावर येई. कोथिंबिरीची जुडी सोडताना ती मध्येच थांबे, आणि गॅसवर दूध उतू जाई.

“काय दिसतं तुला?” एकदा मुकुंदने विचारलं. तोसुद्धा टेकडीवर गेला होता, तिच्या शेजारी बसला होता. समोर त्याला वाळलेलं गवत दिसत होतं.

हर्षदाने गवताची एक काडी बोटाभोवती गुंडाळली. “सांगता येत नाही हो.”

“वडनेऱ्यांना येत होतं.”

“त्यांना बांगड्या विकायच्या असतात. त्यांच्याकडे शब्द आहेत. माझ्याकडे कुठून येणार?” तिने त्याच्याकडे पाहून हे म्हटलं, पण पाहणं लवकर संपलं. नजर पुन्हा गवताकडे गेली. मुकुंदच्या लक्षात आलं, की त्याच्यात तिला थांबण्यासारखं काही नाही. त्याचा शर्ट खाकी होता, पायजमा पांढरा, आणि बाकीचा तो होता.

मग एक दिवस वडनेरे टेकडीवर आले. दुकान बंद करून आले होते. चेहरा उतरलेला. त्यांनी मुकुंदला नमस्कार केला आणि जरा लांब, दगडावर बसले.

“ताई,” त्यांनी विचारलं, “आज खालच्या अंगाला कसा आहे?”

“कालच्यापेक्षा ओला,” हर्षदा म्हणाली.

“कडेला पिवळी झाक मारतो का?”

“मारतो. पण आतून नाही, वरून.”

“हां,” वडनेरे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. “म्हणजे अजून आठवडाभर राहील.”

“राहील ना?”

“राहील ताई. घाबरू नका.”

मुकुंद दोघांच्या मध्ये बसला होता. बोलणं त्याच्यावरून जात होतं, जसं शेताच्या मोजणीत दोरी मध्येच उगवलेल्या झुडपावरून जाते. यातला कुठलाच शब्द त्याला परका नव्हता आणि तरी त्याला काही कळलं नाही. आता तर तक्रारीलाही जागा नव्हती. रंग घरातच होता. वडनेऱ्यांच्या डोळ्यांत फक्त त्यांचा स्वतःचा साधा हिरवा होता, सगळ्यांना असतो तेवढाच. पण दुसऱ्याचा हिरवाही एकदा आपल्याकडे होता याची आठवण त्यांच्याकडे होती आणि तिच्याबद्दल कुठलाही नियम नव्हता.

तो टेकडीवरून एकटाच खाली आला. त्याला वडनेऱ्यांचा हेवा वाटत होता. ते जुनंच होतं. नवीन हे होतं, की त्याला गवताचाही वाटत होता. तुळशीचा वाटत होता, कोथिंबिरीचा वाटत होता. धुळकट कडुनिंबाकडे ती कचेरी बंद होईपर्यंत बघत बसली होती, आणि दोन मुलींच्या जन्माच्या वेळीही तिने त्याच्याकडे तसं पाहिलेलं त्याला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीला निघण्याआधी मुकुंद वडनेऱ्यांच्या दुकानात गेला. नुकतंच दुकान उघडलं होतं. रांगेत शेवंतामावशी आणि आणखी दोघीतिघी होत्या. तो रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तो चपला काढून गादीसमोर बसला आणि त्याने बाह्या वर करून दोन्ही हात पुढे केले.

“बांगड्या भरायच्यात,” तो म्हणाला. “हिरव्या.”

वडनेऱ्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

“कुठला हिरवा?”

“ते तुम्ही ठरवा. तिने बघत बसावं, असा.”

“मला आता तेवढं दिसत नाही साहेब.”

“आठवून द्या.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पुरुषाने हातात बांगड्या भरणं म्हणजे काय, हे तळेनिमगावात सगळ्यांना ठाऊक होतं. भांडणात तोच शेवटचा टोमणा असे. शेवंतामावशी हसल्या नाहीत. “हसायला काय झालं गं?” त्या मागे वळून म्हणाल्या. “घरासाठी भरतोय. आपण कशासाठी भरतो?”

वडनेऱ्यांनी मुकुंदचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. हात रुंद होता, उन्हाने रापलेला, हाडं जाड. त्यांनी सर्वांत मोठं माप काढलं. ते बसेना, म्हणून साबणाचं पाणी मागवलं. बांगड्या निवडायला त्यांना वेळ लागला. एकेक उचलून ते दारातल्या उजेडात धरत, डोळे मिटत, मान हलवत आणि ठेवून देत.

“हात सैल सोडा,” ते म्हणाले. “तुम्ही मूठ आवळताय.”

“दुखतंय.”

“सगळ्यांना दुखतं. बोलत राहा म्हणजे जाणवत नाही. बायका बोलतात ते उगाच नाही.”

“काय बोलू?”

“काहीही. आजची मोजणी कुठे आहे?”

मुकुंद मोजणीबद्दल बोलत राहिला. दोन भाऊ होते, विहीर कुणाच्या वाट्यात येते त्यावर अडले होते. बोलता बोलता बांगड्या चढत गेल्या. दोन्ही हात मनगटापासून वर भरले तेव्हा वडनेऱ्यांनी रीतीप्रमाणे एका हातात एक जास्तीची घातली. बांगड्यांना नमस्कार करतात हे मुकुंदला माहीत होतं. त्याने केला.

मोजणीच्या जागी ते दोघे भाऊ बांधावर वाट बघत उभे होते. मुकुंदने दोरी सोडली, खुणा पाहिल्या, आकडे जुळवले. मग हद्द दाखवायला हात उचलला, तेव्हा सगळ्या बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या. दोघे भाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले.

“साहेब,” थोरला म्हणाला, “हे काय?”

“बांगड्या,” मुकुंद म्हणाला. “विहीर धाकट्याच्या वाट्यात येते. तुम्हाला तिथे जायला पायवाट मिळेल.”

थोरल्याला आणखी काही विचारायचं होतं, पण कुठून सुरू करावं हे त्याला सुचलं नाही. त्याने मान डोलावली. वाद मिटला.

संध्याकाळी मुकुंद पायीच घरी निघाला. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथून त्याचं घर बरंच लांब दिसतं. एवढ्या लांबून हर्षदाने त्याला कधी ओळखलं नव्हतं. आज ती दारात आली होती. टेकडीवर गेली नव्हती. तिने कपाळावर हात आडवा धरला, मग पायरी उतरून रस्त्यावर आली आणि तिथेच उभी राहून बघत राहिली. तो जवळ येत गेला तरी तिची नजर हलली नाही. पापणीही लवत नव्हती.

मुकुंदने चाल मंद केली. तिने हात केला. तो आपल्याला केला की बांगड्यांना, हे त्याला नक्की कळलं नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि ते तसेच धरून तो चालत राहिला.